नोंदवहीतला अर्धा तास

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात ते पुढे या, खुर्च्या आहेत. दोन डिपार्टमेंटमधल्या भांडणावर बोला म्हणालात, तर मी थेट प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सवरच येतो, कारण माझी बरीच वर्षं त्या दोघांच्या मधे उभं राहण्यात गेलीत.

कंपनीचं नाव घेत नाही. प्रेस शॉप होतं, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायचा विभाग, आणि तिथे ब्रेकडाऊनची एक नोंदवही, जाड पुठ्ठ्याची, तेलकट बोटांनी कडा काळ्या पडलेली. एकदा उघडली तर एकाच मशीनपुढे दोन वेळा. निळ्या पेननं १०:२०, ते खोडून वर लाल पेननं १०:५०. प्रॉडक्शनवाले म्हणायचे मशीन वीसलाच बंद पडलं, आम्ही फोन केला, कोणी उचलला नाही. मेंटेनन्सवाले म्हणायचे स्लिपच आम्हाला पन्नासला आली, तोवर तुम्हीच ठोकठोक करत बसला होतात. ह्या अर्ध्या तासावरून शिवीगाळ, कॅन्टीनला वेगळी टेबलं, शिफ्ट सोडताना काही न सांगता निघून जाणं, इथवर गेलं. आता बघा, तो अर्धा तास प्रॉडक्शनच्या नावावर पडला की त्यांचा इन्सेंटिव्ह गेला, आणि मेंटेनन्सच्या नावावर पडला की महिन्याच्या मीटिंगमधे त्यांच्या साहेबाची हजेरी. माणसं वाईट नव्हती हो, त्यांना भांडायला आम्हीच लावलं होतं.

मी काय केलं, तर क्रिकेटची मॅच लावली, प्रॉडक्शन विरुद्ध मेंटेनन्स, नंतर सगळ्यांना जेवण. मनं जुळतील असं खरंच वाटलं होतं. एका रनआऊटवरून जे पेटलं ते सोमवारी शॉपवर आलं. चूक माझी.

पुढे मुझफर शेरीफ ह्या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग वाचनात आला. १९५४ साल, अमेरिकेतलं ओक्लाहोमा, ११-१२ वर्षांची २२ मुलं, कॅम्पमधे दोन गट पाडलेले. रस्सीखेच, बेसबॉल, बक्षिसं, आणि थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं तर एकमेकांच्या अंगावर अन्न फेकलं! माझं जेवणही ह्याच जातीचं होतं. पण कॅम्पचं पाणी बंद पडलं, बिघाड कुठे आहे ते सगळ्यांनी मिळून शोधायला लागलं, खाणं आणणारा ट्रक सुरू होईना तेव्हा रस्सीखेचीचाच दोर बांधून सगळ्यांनी ओढला, तिथून हळूहळू फरक पडत गेला. अडचणी प्रयोगवाल्यांनीच घडवून आणलेल्या, त्यावर नंतर टीकाही झाली आणि ती रास्त आहे, तरी दोराची गोष्ट मला पटते.

कारखान्यात ह्याच्या जवळचं काम जपानमधे झालंय, टोयोटाच्या गोतावळ्यातल्या निप्पॉनडेन्सोमधे, टीपीएम म्हणतात ते, टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स. मी चालवणार आणि तू दुरुस्त करणार ही वाटणीच मोडायची. पुसणं, तेल घालणं, नट आवळणं ऑपरेटरनं करायचं, मेंटेनन्सनं त्याला ते शिकवायचं.

आम्ही आधी लाल-निळं बंद केलं. बंद वेळेचा आकडा एकच, दोघांच्या नावावर, कोणामुळे हा रकानाच काढून टाकला. त्यासाठी वरच्यांशी दोन महिने डोकं लावावं लागलं, सगळ्यात अवघड काम तेच. मग शनिवारी पहिला तास मशीन बंद, एक ऑपरेटर एक फिटर, हातात चिंध्या. पहिले दोन शनिवार कोणी बोललं नाही. तिसऱ्याला एका ऑपरेटरनं फिटरचा हात धरून मशीनच्या बॉडीवर ठेवला, म्हणाला, दादा, ही थरथर बघा, आठवडाभर आहे. खाली बघितलं तर फाउंडेशनचा बोल्ट ढिला. आठवडाभर माहीत होतं आणि सांगितलं नव्हतं, कारण सांगायची सोयच नव्हती.

परमनंट आणि कंत्राटी ह्यांच्यातलं मात्र मला जमलं नाही. एकाच प्रेसवर दोघं, काम तेच, पगारात निम्म्याहून जास्त फरक. तिथे चिंध्या देऊन काय होणार? तो पगाराचा प्रश्न आहे, पगाराच्याच टेबलावर मांडायला हवा होता, आणि मी तो जोर लावून मांडला नाही ह्याचं मला आजही वाईट वाटतं.