राजपुत्राचं वजन : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ कसा घडला आणि कसा पोचला

मंडळी, आज बोलायचं आहे ते १९८९च्या मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’बद्दल. २००३मध्ये यूबीसॉफ्टनं काढलेला त्रिमितीय गेम चांगलाच आहे, पण तो वेगळा विषय आहे. मूळ गेम जॉर्डन मेक्नर यांनी ॲपल टू संगणकासाठी लिहिला आणि ब्रॉडरबंड या कंपनीनं प्रसिद्ध केला. तळघरातून निघायचं, सापळे चुकवायचे, पहारेकऱ्यांशी तलवारीनं लढायचं आणि बारा लेव्हल पार करून साठ मिनिटांच्या आत राजकन्येपर्यंत पोचायचं. कथा म्हणून यात फार काही नाही. लोक बघत राहिले ते त्यातल्या राजपुत्राचं पळणं.

पळणारा माणूस जागच्या जागी थांबत नाही, दोन पावलं घसरतो. ही एक गोष्ट मेक्नर यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. नकाशे, सापळे, अवघडपणा, खेळाडूंची चिडचिड, सगळं तिथूनच आलं.

आधी चित्रांचं पाहू. १९८५मध्ये त्यांनी आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालायला लावून पळताना, उडी मारताना, वर चढताना व्हिडिओवर टिपलं. मग टीव्हीवर एकेक फ्रेम थांबवून ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं पडद्याचे फोटो काढले. धुऊन आलेल्या प्रिंटवर काळ्या मार्करनं आणि पांढऱ्या करेक्शन फ्लुइडनं आकृतीची कड स्वच्छ केली. त्याची झेरॉक्स, ती व्हिडिओ कॅमेऱ्याखाली, आणि डिजिटायझर कार्डमार्फत चित्र संगणकात. एवढं करूनही हाताशी येतो तो ठिपक्यांचा एक गबाळा ढीग, आणि तो पिक्सेल-पिक्सेल हातानं साफ करावा लागतो.

ही पद्धत बिघडते कुठे? थांबवलेल्या व्हिडिओ टेपवर चित्र थरथरतं. जवळचा हात आणि पलीकडचा हात दोन्ही पांढरे, त्यामुळे ते एकमेकांत विरघळतात. मधली काळी रेघ हातानंच घालावी लागते. टिपताना कॅमेरा माणसाबरोबर वळला, तर पाऊल नेमकं कुठे टेकलं याचा पत्ता उरत नाही. आकृती एकाच दिशेला तोंड करून काढली होती. दुसरी दिशा कोड आरसा धरल्यासारखी उलटवून दाखवतो. मेमरी निम्मी वाचते.

आता जरा कोडमध्ये शिरू, कारण खरी गंमत तिथे आहे. राजपुत्राच्या धावण्याला वेगाचं सूत्र नाही. एका तक्त्यात प्रत्येक फ्रेमसाठी पाच बाइट आहेत : कोणतं चित्र, तलवार कशी धरली आहे, आडवं किती सरकवायचं, उभं किती, आणि पाचवा तपासणीचा बाइट. दुसऱ्या तक्त्यात फ्रेमचे क्रम आहेत आणि क्रमांच्या मध्ये आज्ञा पेरल्या आहेत : एवढं पुढे जा, तोंड फिरव, तक्त्यातल्या अमुक ओळीवर जा. म्हणजे अंतर चित्राला बांधलेलं आहे. पुढे टेकलेलं पाऊल जमिनीवर स्थिर दिसायचं, तर शरीर नेमकं तेवढंच सरकलं पाहिजे. आकडा एकानं चुकला की पाय बर्फावर घसरल्यासारखा दिसतो.

पाचव्या बाइटमध्ये एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक असा एकच अंक, फक्त एवढंच सांगतो की या फ्रेममध्ये शरीराचा भार जमिनीवर आहे की नाही. भार असेल तरच पायाखाली फरशी आहे का, हे बघायचं. उडीच्या मधल्या फ्रेममध्ये तो बिट शून्य, म्हणून राजपुत्र खड्ड्यावरून जाताना खाली ओढला जात नाही. नव्यानं असा गेम करणारे बहुतेक जण दर फ्रेमला फरशी तपासतात. मग पात्र काठावरून अर्धं पाऊल बाहेर गेलं की कोसळतं, आणि खेळणारा म्हणतो, ‘मी तर अजून काठावरच होतो.’ त्याचं म्हणणं बरोबर असतं.

नकाशाची जाळीही याच मापानं आखली आहे. एका खोलीत आडव्या दहा आणि उभ्या तीन चौकोनी जागा. प्रत्येक जागा १४ एकक रुंद, ६३ उंच. एका लेव्हलमध्ये जास्तीत जास्त २४ खोल्या, म्हणजे ७२० जागा, आणि अख्ख्या लेव्हलची फाइल २३०४ बाइटची. आज एका छोट्या आयकॉनलाही याहून जास्त जागा लागते.

या मापांमुळे खेळाडूला नियम हातानं शिकता येतात. एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर प्राणशक्तीचा एक अंश जातो, तीन मजले म्हणजे मरण. सुळ्यांवर धावत गेलं तर संपलं, सावकाश पावलं टाकत गेलं तर सुखरूप. शिफ्ट दाबून पाऊल टाकलं तर तो काठापाशी थांबतो. पडताना शिफ्ट धरून ठेवली आणि कड हाताच्या टप्प्यात असली, तर लटकतो. बटण नेमक्या क्षणी दाबायचं नाही, फक्त धरून ठेवायचं. एरवी इतक्या कडक असलेल्या गेमनं दिलेली ही सवलत फार विचारपूर्वक आहे.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये उडी घेतल्यावरही हवेत दिशा बदलता येते. इथे उडी घेतली की घेतली. बटण दाबलं तरी चालू क्रम बदलता येण्याजोग्या फ्रेमपर्यंत गेम थांबतो. कुणाला हे सुस्त वाटलं, कुणाला यातच थरार सापडला. माझ्या मते दुसरा पक्ष बरोबर आहे, पण एका अटीवर : खड्डा आणि सापळा पळायला सुरुवात करण्यापूर्वीच दिसला पाहिजे. पडदा सरकत नाही, एक खोली एका वेळी पूर्ण दिसते, म्हणून ही अट बहुतेक ठिकाणी पाळली जाते. पुढच्या खोलीच्या पहिल्याच फरशीवर सापळा असला की मोडते, आणि तिथे शिव्या पडतात त्या रास्तच.

सुरुवातीच्या आराखड्यात लढाई नव्हती. सहकारी टॉमी पीअर्स यांनी तिच्यासाठी आग्रह धरला. पण मेमरी भरली होती, नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागा नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रं घेऊन ती एका पिक्सेलनं सरकवलेल्या स्वतःच्याच प्रतीशी एक्सॉर केली. दोन बिट सारखे असले तर शून्य, वेगळे असले तर एक. आकृतीचं पोट रिकामं झालं, कडा तेवढ्या लखलखत राहिल्या. हा छायापुरुष. चौथ्या लेव्हलमध्ये आरशातून उडी मारली की तो बाहेर पडतो, पुढे औषधाची कुपी पळवतो, तोंडावर दार लावून घेतो. बाराव्या लेव्हलला तो तलवार काढून उभा राहतो. त्याला मारलेला प्रत्येक वार आपल्याच प्राणातून वजा होतो. अकरा लेव्हल दिसेल त्या पहारेकऱ्याला कापत आलेल्या खेळाडूनं इथे तलवार म्यान करायची असते. मग दोघं एक होतात. हे कुठेही लिहून सांगितलेलं नाही.

पहारेकऱ्यांशी होणाऱ्या द्वंद्वाच्या हालचाली १९३८च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातल्या एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांच्या शेवटच्या लढतीवरून घेतल्या. त्यातही दोघं बाजूनं स्वच्छ दिसतात असा तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. संगीत मेक्नर यांच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेक्नर यांचं.

आता स्वागताचं. सुरुवातीची विक्री पडेल म्हणावी अशीच होती. ॲपल टूवर १९९०च्या मध्यापर्यंत सुमारे ७००० प्रती खपल्या. कारण सोपं आहे : इतकी वर्षं घालवून गेम तयार झाला तोवर त्या संगणकाचा बाजार उठत आला होता. खेळून पाहिलेल्यांनी स्तुती केली, पण खेळून पाहायला ते यंत्रच कमी घरांत उरलं होतं.

गेम तगला तो इतर यंत्रांवरच्या आवृत्त्यांमुळे. डॉस, अमिगा, जपानमध्ये पीसी-९८. या जपानी आवृत्तीत राजपुत्राला फेटा आणि जाकीट मिळालं. १९९२मध्ये मॅकिंटॉशची आवृत्ती नव्यानं रंगवलेल्या चित्रांसह आली, खोकं बदललं, आणि अमेरिकेतही दुकानांत तो हलू लागला. त्याच वर्षीच्या सुपर निन्टेंडोच्या आवृत्तीत वीस लेव्हल आणि दोन तास होते. सगळ्या आवृत्त्या मिळून विक्री वीस लाखांवर गेली. इतकी यंत्रं बदलूनही पळणं तेच राहिलं, कारण ते फ्रेमच्या तक्त्यात होतं, आणि तक्ता दुसऱ्या यंत्रावर नेता येतो.

मूळ कोड बरीच वर्षं हरवलेला होता. २०१२मध्ये मेक्नर यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात साडेतीन इंची फ्लॉपी सापडल्या. इतक्या जुन्या फ्लॉपीवरचं चुंबकीय लेखन कधीही दगा देऊ शकतं, म्हणून जाणकारांच्या मदतीनं त्या वाचून घेतल्या आणि एप्रिलमध्ये कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला झाला. सगळा ६५०२ प्रोसेसरच्या असेंब्लीत, म्हणजे थेट यंत्राच्या आज्ञांच्या भाषेत आहे. वाचायचा असेल तर मुख्य फाइलपासून सुरुवात करू नका, दमाल. आधी ‘फ्रेमडेफ’ (फ्रेमचा तक्ता) उघडा, शेजारी ‘सीक्वटेबल’ (क्रमांचा तक्ता) ठेवा, आणि धावण्यातून थांबण्याचा एकच क्रम कागदावर बेरजा करत उतरवून काढा. तो किती एककं घसरतो हे कळलं, की पहिल्या लेव्हलमधले खड्डे तिथेच का आहेत ते नकाशाच सांगेल.