मॅग्नम लिहिलंय म्हणून मॅग्नमच भरायचं का? छोट्या नळीचं .357 निवडताना

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन रिव्हॉल्व्हरं आहेत. आधी दोन्हींचे सिलिंडर उघडून दाखवतो. पाच भोकं, पाचही आरपार दिसतायत. दुसऱ्याचंही तसंच. काडतुसं या खोलीतच नाहीत. आता बोलू.

आजचा विषय अमेरिकेतला आहे: कपड्यांखाली लपवून बाळगायचं दोन इंची नळीचं .357 मॅग्नम. आणि आपल्या प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांसाठी व्हिडिओ पहिल्या अर्ध्या मिनिटातच संपतो, म्हणून ते आधी सांगून टाकतो. तुम्ही एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेले असाल, तर शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता फेडरल कायद्याने तुम्हाला हत्यार तर नाहीच, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. रेंजवर भाड्याने घेऊन दोन गोळ्या झाडणं हेही त्यातच येतं. मित्राने 'चल रे, मजा येईल' म्हटलं तरी नाही. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना खरेदी करता येते. घरात एकाचं ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याचा व्हिसा असेल, तर तिजोरीची किल्ली कोणाकडे राहणार हा प्रश्न खरेदीआधी वकिलाला विचारा.

उरलेल्यांनी पुढे ऐका.

.357 मॅग्नम 1935 सालचं. .38 स्पेशलची पुंगळी थोडी लांब केली आणि आत दाब बराच वाढवला. .38ची पुंगळी 1.155 इंच, मॅग्नमची 1.29. गोळीचा व्यास तोच. त्यामुळे .357च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .38 आरामात बसतं आणि चालतं. उलटं बसत नाही, आणि बसू नये म्हणूनच लांबी वाढवलेली. आजचं सगळं बोलणं या एका सोयीभोवती आहे. नळीवर .357 कोरलंय याचा अर्थ मॅग्नम भरायची परवानगी आहे एवढाच. सक्ती कोणी केलेली नाही.

आता छोट्या नळीचं गणित. 125 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) मॅग्नम गोळी चार इंची नळीतून साधारण 1,450 फूट प्रतिसेकंदाने निघते. दोन इंचीतून तीच 1,100 ते 1,250. कारण दारू नळीत पूर्ण जळतच नाही, उरलेली तोंडाशी जळते. तुम्हाला दिसतो तो मोठा जाळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज म्हणजे नळीबाहेर वाया गेलेली दारू. तरीही .38 प्लस-पी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं .38, त्याच नळीतून साडेआठशे-नऊशेच्या आसपास राहतं, म्हणजे मॅग्नमचा फायदा खोटा नाही. प्रश्न किमतीचा आहे, आणि ती किंमत मनगट मोजतं.

इथे वजन येतं. ढोबळ नियम असा: काडतूस तेच आणि रिव्हॉल्व्हर निम्म्या वजनाचं, तर मागे येणारी ऊर्जा दुप्पट. स्मिथ अँड वेसनचं 340 पीडी घ्या. स्कँडियम मिश्रधातूची फ्रेम, टायटॅनियमचा सिलिंडर, वजन 12 औंसांहूनही थोडं कमी, म्हणजे 340 ग्रॅमच्या आत. त्याच कंपनीचं 640 अख्खं स्टेनलेस स्टीलचं, 22-23 औंस. आकार जवळजवळ सारखाच, दोन्हींत पाच गोळ्या. भरल्यावर वजनातला फरक जरा कमी होतो, पण हाताला तो कळतोच. दुकानात मात्र सगळे 340 उचलतात आणि 'अरे, खेळण्यासारखं हलकंय' म्हणून खूश होतात. खिशात ते खरंच सोन्यासारखं आहे. पण पूर्ण ताकदीच्या मॅग्नमच्या पाच गोळ्या सलग झाडल्या की बहुतेक जण पुढची पेटी उघडत नाहीत. आणि सराव न केलेलं हत्यार खिशात बाळगणं मला पटत नाही.

340च्या नळीवर बारीक अक्षरात एक ओळ आहे, कॅमेरा जवळ आणतो: .357 मॅग्नममध्ये 120 ग्रेनपेक्षा हलकी गोळी नको. ती ओळ शोभेची नाही. हलक्या गोळीमागची जळती दारू टायटॅनियमला खाते, सिलिंडरला खड्डे पडतात. तो सिलिंडर साफ करताना खरवडणारी पेस्ट किंवा शिसं काढायचं कापडही वापरू नका, वरचा संरक्षक थर निघून जातो.

हलक्या रिव्हॉल्व्हरचा दुसरा रोग जास्त वाईट, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. गोळी पुंगळीत बसलेली असते ती कडेच्या मुडपीच्या जोरावर. रिव्हॉल्व्हर हलकं असलं की दर धक्क्याला ते झटक्यात मागे येतं, सोबत पुंगळ्या मागे येतात, आणि न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या मात्र जागच्या जागी राहू बघतात. म्हणजे त्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी इतकी पुढे येते की सिलिंडरच्या तोंडातून डोकावते आणि फ्रेमला अडते. सिलिंडर फिरायचा बंद. पिस्तूल अडकलं तर स्लाइड ओढून मोकळं करता येतं. हे तिथल्या तिथे सुटत नाही.

याची तपासणी घरच्या व्हर्निअरने होते. एका काडतुसाची लांबी मोजा, त्यावर मार्करने खूण करा. रेंजवर पाच भरा, चार झाडा, खुणेचं पाचवं शेवटी राहील असं ठेवा. ते न झाडता बाहेर काढून पुन्हा मोजा. .357ची कमाल ठरलेली लांबी 1.590 इंच. लांबी डोळ्याला दिसण्याइतकी वाढली असेल, तर ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद, मग पेटीवर कितीही मोठं नाव असो. जॅकेट, म्हणजे वरचं धातूचं आवरण, नसलेली शिशाची गोळी जास्त लवकर सरकते. दर नव्या ब्रँडला ही चाचणी एकदा करायचीच, आणि 20 औंसांच्या खालच्या रिव्हॉल्व्हरला तर दोनदा.

मग घ्यायचं काय? माझं मत सरळ आहे: खिशात ठेवायचं असेल तर 17 औंसांच्या आसपास, कमरेला लावायचं असेल तर 22च्या वर. रुगरचं एलसीआर .357मध्ये 17.1 औंस भरतं. याचंच .38वालं साडेतेरा औंसांचं, अॅल्युमिनियम फ्रेमचं; .357ला त्यांनी फ्रेम स्टीलची केली, ती उगाच नाही. एलसीआरचा चाप या वर्गात सगळ्यात गुळगुळीत, हे मी पैज लावून सांगेन. कमरेसाठी 640, किंवा किंबर के-सिक्स-एस: 23 औंस, आणि सहा गोळ्या. सिलिंडर 1.39 इंच रुंद, स्मिथच्या पाच गोळ्यांच्या सिलिंडरपेक्षा जेमतेम दशांश इंचाने जाड. रुगर एसपी101 सव्वादोन इंची नळीचं, 25-26 औंस, दगडासारखं. मॅग्नमच झाडायचं ठरवलं असेल तर ते घ्या. खिशात मात्र ते पँट खाली ओढतं.

एक आडवाट. एलसीआर .327 फेडरल मॅग्नममध्येही मिळतं, तेवढ्याच शरीरात सहा गोळ्या. त्यात .32 एस अँड डब्ल्यू लाँगही चालतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 रिव्हॉल्व्हर गावाकडे कोणाकडे पाहिलं असेल, तर त्याचं काडतूस हेच. धक्का नावाला. वयस्कर किंवा संधिवाताच्या हाताला सरावासाठी यासारखं काही नाही. फक्त काडतुसं शोधत फिरावं लागतं आणि भाव चढा.

घोडा आतच झाकलेला घ्या. बाहेर शेपटी असलेला घोडा खिशाच्या अस्तरात अडकतो, आणि या कामात तो अंगठ्याने ओढून झाडायची वेळ येत नाही. दहा-बारा पौंडांचा लांब चाप ओढायची सवय करा. त्यासाठी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, डमी काडतुसं घालून, रोज पंधरा-वीस वेळा चाप ओढणं पुरतं. नळीच्या टोकावरची नेमाची माशी हलता कामा नये. मुठीचं रबर मागचं स्टील झाकणारं हवं. उघड्या स्टीलची मूठ दिसते छान आणि तळहाताचं कातडं सोलते. पण रबर खिशाच्या कापडाला चिकटतं, बाहेर काढताना खिसाच उलटा येतो. दोन्ही मुठी लावून पाहिल्याशिवाय ठरवू नका.

पकडताना एक गोष्ट. पिस्तूलवाल्यांची सवय असते की डाव्या हाताचा अंगठा पुढे सरळ ठेवायचा. इथे तसा ठेवलात तर तो सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीजवळ जातो. ही फट, इथे बघा, कागदाएवढी आहे, पण मॅग्नमचा वायू तिथून बाजूला फुटतो आणि कातडी फाडतो. अंगठे खाली, एकावर एक.

आता पुंगळ्या काढणं, कारण छोटी नळी सगळ्यात जास्त त्रास इथे देते. नळी आखूड, म्हणून तिच्याखालची ढकलदांडीही आखूड. ती मॅग्नमची सव्वा इंचाहून लांब पुंगळी पूर्ण बाहेर ढकलूच शकत नाही. .38च्या बुटक्या पुंगळ्या मात्र सटकन पडतात. म्हणून नळी आभाळाकडे, आणि दांडीवर तळहाताचा एकच जोरदार फटका. हळू दाबत बसलात, किंवा नळी खाली ठेवून दाबलंत, तर एखादी पुंगळी दांडीला जोडलेल्या, पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या पट्टीखाली घसरते. मग बोटाने पट्टी उचलून धरा, दुसऱ्या हाताने पुंगळी उकरा, पाच सेकंदांचं काम अर्धा मिनिट खातं. न जळलेली दारूही त्याच पट्टीखाली साचते आणि सिलिंडर नीट बंद होत नाही. जुना टूथब्रश घेऊन पट्टीखाली फिरवला की काम भागतं.

.38 भरपूर झाडलंत तर कोठीत, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, बुटक्या पुंगळीच्या पुढे काजळीचं कडं तयार होतं. त्यावर मॅग्नम भरायला गेलात की शेवटचा थोडा भाग ढकलावा लागतो आणि झाडल्यावर पुंगळी चिकटते. आधी ब्राँझ ब्रश, मग मॅग्नम.

भरायचं काय, याचं उत्तर आता तुम्हीच दिलं असेल. दोन इंची नळीसाठी बनवलेलं .38 प्लस-पी, उदाहरणार्थ 135 ग्रेनचं स्पीअर गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल. याचंच .357चं रूप 990 फूट प्रतिसेकंदाच्या आसपास ठेवलेलं आहे, म्हणजे पोटमाळ्यावरचं मॅग्नम म्हणा, पूर्ण मजल्याचं नाही. 22 औंसांच्या वरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते चालवून पाहा. पाच यार्डांवर कागदी प्लेट, पाच गोळ्या, पाच सेकंद. .38ने पाच लागतात आणि मॅग्नमने तीन, तर .38 भरा. आणि कानाला दुहेरी संरक्षण: आत बोळे, वरून मफ. .357चा आवाज 160 डेसिबल ओलांडतो, कानाला इजा 140लाच सुरू होते.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी इथे थांबावं. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेली गोळी, घरी ठेवता येतं, रेंजवर नेता येतं, पण बाळगण्याचं परमिट असलं तरी ते अंगावर घेऊन फिरणं तिथे वेगळा गुन्हा ठरू शकतो. कॅलिफोर्नियात दुकानातून नवं रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर ते मॉडेल राज्याच्या यादीत असावं लागतं. एका राज्याचं परमिट शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही.

खिशासाठी खिशाचंच होल्स्टर, चाप पूर्ण झाकणारं. त्या खिशात दुसरं काही नाही: किल्ल्या नाहीत, पेन नाही, सुटे पैसे नाहीत. आठवड्यातून एकदा कापसाचा भुगा झटकून काढा, दारूच्या काजळीवर तो चिकटतो. आणि रेंजला नेता ती बॅग भारतात जाताना अजिबात वापरू नका. अस्तरात राहिलेल्या एका काडतुसावरून मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि 'चुकून राहिलं' हे मग कोर्टात सांगत बसावं लागतं.

शेवटी काउंटरवर. वापरलेलं घेत असाल तर दुकानदाराची परवानगी घेऊन, रिकामं असल्याची खात्री करून, एवढं बघा. सिलिंडर बंद करून पुढे-मागे हलवा, खडखडायला नको. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे मोजायची पातळ पट्टी, घाला: इंचाच्या हजार भागांतले चार ते आठ भाग ठीक, दहाच्या वर गेलं तर ठेवून द्या. चाप अगदी हळू ओढा. घोडा पडायच्या आधी सिलिंडर 'टक' करून कुलूपबंद व्हायला हवा, पाचही कोठ्यांना. नळीच्या मागच्या तोंडाशी, वरच्या फ्रेमच्या पोटाला बारीक चर दिसेल. मॅग्नम झाडल्याची ती खूण, थोडी असली तर चालते. नखाला खोल लागली तर नको. सिलिंडर टायटॅनियमचा असेल तर त्याच्या पुढच्या तोंडावर टॉर्च मारून खड्डे शोधा. एवढं सगळं नीट निघालं, की मग भाव विचारा.