शॉर्टस्टॉपला सगळ्यात शेवटी कळलं

[दृश्य : न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. रस्त्याच्या डोक्यावरून लोखंडी पुलावरची सात नंबरची गाडी खडखडत जाते.]

खाली जॅक्सन हाइट्स. साड्यांची दुकानं, मिठाईवाले, रस्त्यावर मांडलेल्या पेट्यांत कारली आणि भेंडी. वर गाडीत निळ्या-केशरी टोप्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास या गाडीत चढलात तर अर्धा डबा मेट्स या बेसबॉल संघाच्या सामन्याला निघालेला असतो. मीही त्यातलाच.

ठाण्याहून आलेल्या माणसाला बेसबॉल कळायला दोन उन्हाळे लागतात. पहिला उन्हाळा ‘हा आउट झाला ना, मग परत खेळायला कसा आला?’ यात जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही पंचाला शिव्या घालायला लागता. तिसऱ्यात कळतं, की जो पोरगा आवडायला लागलाय त्याला जुलैअखेर कुठेतरी पाठवून देणार आहेत.

जुलैअखेर म्हणजे ट्रेडची, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत. या फिल्ममध्ये त्या जुलैअखेरबद्दलच बोलायचंय.

[दृश्य : सिटी फील्ड स्टेडियम. रात्र. दिव्यांचे खांब.]

२९ जुलै २०१५, बुधवार. समोर सॅन डिएगो पाद्रेस. मेट्स हरत होते. आम्ही वरच्या मजल्यावर, जिथून खेळाडू बोटाएवढे दिसतात. सामन्यात जीव राहिला नव्हता, म्हणून लोकांनी फोन काढले. आणि एकेक फोन उजळायला लागला.

विल्मर फ्लोरेस गेला. विल्मर आणि पिचर झॅक व्हीलर, दोघं मिलवॉकी ब्रूअर्सकडे. बदल्यात कार्लोस गोमेझ. सूत्रांकडून मिळालेली माहिती.

शेजारच्या म्हातारबुवांनी माझ्या फोनकडे पाहिलं, मी त्यांच्या. दोन्हीकडे तेच. मग आम्ही दोघांनी खाली मैदानात पाहिलं. विल्मर फ्लोरेस तिथेच होता, बॅट घेऊन निघालेला.

हा पोरगा व्हेनेझुएलाचा. २००७ मध्ये सोळाव्या वाढदिवशीच मेट्सनी त्याच्याशी करार केला होता. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयापासून तो याच संघाच्या छपराखाली. २०१५ मध्ये तो शॉर्टस्टॉप खेळायचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली ती जागा जिथे चेंडू सगळ्यात जास्त वेळा आदळतो. क्षेत्ररक्षण बेताचंच. चुका व्हायच्या, आम्ही ओरडायचो. पण त्या क्षणी सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्या वाजवायला लागलं. निरोपाच्या टाळ्या. मीही वाजवल्या.

फ्लोरेसला कळेना. संघ हरतोय, आपण काही केलेलंही नाही, मग हे लोक उभे का? जमिनीवरून सरपटणारा फटका मारून तो आउट झाला, परत जाताना पुन्हा टाळ्या. मग स्टँडमधून कोणीतरी ओरडून सांगितलं.

सामना चालू असताना डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला संघ बसतो तिथे, फोन वापरायला बंदी असते. चिटिंग होऊ नये म्हणून केलेला नियम, चांगलाच आहे. पण त्या रात्री त्याचा अर्थ असा झाला, की हजारो प्रेक्षकांना माहीत होतं, घरी टीव्हीसमोर बसलेल्यांना माहीत होतं, आणि ज्याच्या आयुष्याबद्दल ही बातमी होती त्यालाच माहीत नव्हतं.

[दृश्य : मोकळं मैदान. शॉर्टस्टॉपच्या जागेवरची तांबडी माती, जवळून.]

पुढच्या डावात तो परत या मातीवर येऊन उभा राहिला. बाही डोळ्यांना लावली. मग मनगट. मग परत बाही. पिचर चेंडू टाकायच्या बेतात आला की तो गुडघ्यात वाकायचा, हातमोजा पुढे धरायचा, कारण चेंडू आपल्याकडे येऊ शकतो हे शरीराला ठाऊक असतं. चेंडू गेला की पुन्हा बाही. कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं, आणि मिनिटाभरात तेही लोकांच्या फोनवर आलं.

त्याला लगेच बाहेर का काढलं नाही? मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारे, टेरी कॉलिन्स यांनाच काही कळलं नव्हतं. सामन्यानंतर ते म्हणाले, की विल्मर रडतोय असं कोणीतरी येऊन सांगितलं. का, तर त्याचा ट्रेड झालाय म्हणून. आणि आपण विचारलं, कोणाकडे? कशासाठी?

सामना संपला. खेळाडूंचे सौदे करणारे जनरल मॅनेजर सँडी अल्डरसन पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले, की ट्रेड झालेलाच नाही आणि होणारही नाही. सोशल मीडिया वस्तुस्थितीच्या पुढे धावला, असा त्यांचा सूर होता.

बाजारात तुरी म्हणतात ती हीच गत. सौदा ठरायच्या आधीच निरोप समारंभ आटपून घेतला आम्ही.

[दृश्य : वर्तमानपत्रांची छपाई, जुनी कृष्णधवल चित्रफीत.]

थोडं मागे जाऊ. ट्रेड म्हणजे काय, हे आपल्याकडे आता सांगावं लागत नाही. गुजरातहून मुंबई इंडियन्सकडे परत आलेल्या हार्दिक पंड्याची २०२४ मध्ये वानखेडेवरच्या घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. टॉसच्या वेळी संजय मांजरेकरांना ‘नीट वागा’ म्हणून सांगावं लागलं. तेव्हा मला इथे क्वीन्समध्ये बसून वाटलं, चला, आपलीही मंडळी या शाळेत दाखल झाली.

अमेरिकेत ही शाळा फार जुनी. इथे खेळाडूचा करार एका संघाकडून उचलून दुसऱ्याला दिला जातो आणि सहसा त्याला विचारत नाहीत. १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला पाठवलं. बारा हंगाम सेंट लुइसकडून खेळलेला माणूस. तो म्हणाला, मी जाणार नाही. लीगच्या प्रमुखाला, कमिशनरला, पत्र लिहून त्याने ठणकावलं, की मी काही कोणाच्या मर्जीने खरेदी-विक्री करायची मालमत्ता नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लड हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली. पण त्यानंतर नियम आला : लीगमध्ये दहा वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, तर खेळाडू ट्रेडला नाही म्हणू शकतो. तेवीस वर्षांच्या फ्लोरेसला असला हक्क कुठला?

[दृश्य : सिटी फील्डबाहेरचा टॉम सीव्हरचा पुतळा. चेंडू टाकताना उजवा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकलेला.]

सोशल मीडियाच्या डोक्यावर सगळं पाप फोडायच्या आधी या पुतळ्याजवळ थांबा. ज्या रस्त्यावर तो उभा आहे त्याचं नावही सीव्हर वे. स्टेडियमचा पत्ता ४१, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा ४१.

पिचर टॉम सीव्हर म्हणजे मेट्स, एवढं साधं समीकरण होतं. १९६९ ला ज्या संघाची लोक टर उडवायचे त्याला वर्ल्ड सीरिज, म्हणजे वर्षाचं अजिंक्यपद, जिंकून दिली ती याने आणि याच्या साथीदारांनी. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मेट्सकडून तीनदा. १९७७ मध्ये पगारावरून त्याचं आणि संघाचे अध्यक्ष डोनाल्ड ग्रँट यांचं वाजलं. तेव्हा ट्रेडची मुदत १५ जूनची असायची. शेवटच्या दिवसांत सीव्हरने मालकिणीशी थेट बोलून करार वाढवण्याचं जवळजवळ जमवत आणलं होतं.

आणि १५ जूनला ‘डेली न्यूज’मध्ये डिक यंग यांचा स्तंभ आला. शहरातला सगळ्यात वजनदार क्रीडा-स्तंभ. त्यात लिहिलं होतं, की सीव्हरच्या पोटात दुखतंय ते मेट्सचाच जुना पिचर नोलन रायन याला जास्त पैसे मिळतात म्हणून, आणि दोघांच्या बायका मैत्रिणी आहेत म्हणून. म्हणजे पगाराच्या वादात बायकोला ओढलं. डिक यंग यांचे जावई तेव्हा मेट्सच्याच कार्यालयात नोकरीला होते, हेही नोंदवून ठेवू.

संघ अटलांटात होता. सीव्हरला हे कळलं आणि त्याने बोलणीच तोडली. मला इथून बाहेर काढा, म्हणाला. त्या रात्री तो सिनसिनाटी रेड्सचा झाला, बदल्यात चार खेळाडू आले. त्याच रात्री मेट्सचा फटकेबाज डेव्ह किंगमनलाही सॅन डिएगोला पाठवलं. मेट्सचे जुने प्रेक्षक त्या रात्रीला आजही ‘मध्यरात्रीचं हत्याकांड’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सीव्हर लॉकर रिकामा करायला आला. भोवती पत्रकार. सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं देत होता. प्रेक्षकांचा विषय निघाला, त्यांनी नुकत्याच वाजवलेल्या टाळ्यांचा, आणि त्याचा आवाज फुटेना. शेवटी त्याने एका पत्रकाराची वही मागून घेतली आणि बोलायचं होतं ते तिच्यात लिहून दिलं.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण त्या वहीचा प्रसंग इतक्या जणांकडून ऐकलाय, की सांगताना माझा स्वतःचा वाटतो. पुढे काही वर्षं मेट्सचं स्टेडियम ओस पडलं. न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची भव्य समाधी आहे; लोक मेट्सच्या तेव्हाच्या शे स्टेडियमलाही ‘ग्रँटचं थडगं’ म्हणायला लागले. विनोद या शहरात असाच करतात.

तर ट्विटर नव्हतं, खिशात फोन नव्हता, तरीही एका बातमीने ट्रेड घडवला. २०१५ मध्ये एका बातमीने न झालेला ट्रेड घडल्यासारखा केला.

[दृश्य : प्रेसबॉक्समध्ये टाइप करणारे हात.]

माझं म्हणणं सांगतो. पत्रकारांना शिव्या देणं सोपं आहे, आणि मी त्या दिल्यात. पण फ्लोरेसची बातमी कोणा पत्रकाराच्या स्वप्नात आली नव्हती. दोन्ही संघांचं तत्त्वतः जमलेलं होतं. फक्त वैद्यकीय अहवाल बघायचे राहिले होते. ते बघितले आणि मेट्सनी गोमेझच्या खुब्याच्या सांध्यावर बोट ठेवून माघार घेतली. गोमेझच्या बाजूने म्हणणं, सांधा ठणठणीत आहे. दुसऱ्याच दिवशी ब्रूअर्सनी गोमेझला ह्यूस्टनला पाठवलंही.

म्हणजे बातमी खोटी नव्हती, कच्ची होती. आणि ती कोणीतरी आतूनच पुरवली होती. ‘सूत्रं’ हा शब्द ऐकला की मी हल्ली एकच प्रश्न विचारतो : हे छापून आल्याने कोणाचा भाव वाढला? एजंटाचा? समोरच्या संघाचा? तिसऱ्या कोणा संघाने घाई करावी म्हणून सोडलेली हूल आहे का? जनरल मॅनेजर मंडळी पत्रकारांना दोष देतात आणि त्याच पत्रकारांचे फोन उचलतात. पत्रकार अर्ध्या मिनिटाने पहिला येण्यासाठी जिवाचं रान करतो, आणि तो अर्धा मिनिट दुसऱ्या दिवशी त्याच्या संपादकाशिवाय कोणाला आठवत नाही.

आणि आम्ही? ८ डिसेंबर २०२३ ची गोष्ट. जपानी तारा शोहेई ओहतानी कुठल्या संघात जाणार, यावर सगळं बेसबॉल जग श्वास रोखून बसलं होतं. दक्षिण कॅलिफोर्नियातून टोरांटोला निघालेलं एक खासगी विमान लोकांनी फ्लाइट-ट्रॅकरवर शोधून काढलं. एका नामांकित पत्रकाराने तो टोरांटोकडे निघाल्याचं जाहीरही केलं. नकाशावरचा तो ठिपका मीही बघत बसलो होतो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, मांडीवर फोन ठेवून. विमान उतरलं. आतून कॅनडातले उद्योजक रॉबर्ट हर्जावेक आपल्या कुटुंबासह बाहेर पडले. ओहतानी घरीच होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच लॉस एंजेलिस डॉजर्सचं नाव जाहीर केलं, दहा वर्षं, ७० कोटी डॉलर. पत्रकाराने माफी मागितली. ठिपका बघणाऱ्यांपैकी कोणी मागितली नाही.

[दृश्य : पुन्हा सिटी फील्ड. शुक्रवारची रात्र.]

३१ जुलै २०१५. मुदतीचा दिवस. त्या दुपारी मेट्सनी डेट्रॉइटकडून योएनिस सेस्पेडेसला आणलं, दोन तरुण पिचर देऊन. म्हणजे ट्रेड झालाच, पण फ्लोरेसला न देता. व्हीलर तर शस्त्रक्रियेनंतर फ्लोरिडात व्यायाम करत होता. त्याने आदल्या दिवशी अल्डरसनना फोन करून सांगितलं होतं, की मला इथेच राहायचंय.

समोर वॉशिंग्टन नॅशनल्स, गुणतक्त्यात पुढे असलेला संघ. फ्लोरेस बॅट घेऊन आला की स्टेडियम उभं. दर वेळी. सामन्यातली मेट्सची पहिली धाव त्याच्याच फटक्यावर आली. मग एक-एक बरोबरी, जादा इनिंग्ज. बारावी सुरू झाली. माझी शेवटची सोयीची गाडी निघून गेलेली.

फ्लोरेसने चेंडू डाव्या बाजूला उचलला आणि तो भिंतीपलीकडे गेला. सामना खलास. बेसेसची फेरी पूर्ण करून होम प्लेटकडे येताना, साथीदारांच्या घोळक्यात उडी मारायच्या आधी, त्याने छातीवरचं ‘मेट्स’ हे नाव मुठीत धरून दोनदा ओढलं. शेजारी अनोळखी बाई होती, तिने मला मिठी मारली. मी ठाण्याचा माणूस, हात कुठे ठेवावेत ते कळेना.

त्या वर्षी मेट्स वर्ल्ड सीरिजपर्यंत गेले आणि कॅन्सस सिटीकडून हरले. शेवटचा आउट फ्लोरेसच. उभ्या उभ्या, बॅट न फिरवता.

[दृश्य : हिवाळा. बंद फाटक, त्यावर कुलूप.]

२०१८ चा नोव्हेंबर. फ्लोरेसला पुढच्या हंगामाचा करार द्यायचा नाही, असं मेट्सनी ठरवलं. ट्रेड नव्हता, त्यामुळे बदल्यात कोणी आलं नाही. मोसम संपलेला, स्टँड रिकामे. माझ्या फोनवर दोन ओळी आल्या, त्या मी लिफ्टमध्ये वाचल्या. फ्लोरेसला हे कोणी सांगितलं, ते त्यात नव्हतं.