मैदानाची वेळ आणि बसची वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवताना दर वर्षी मी नव्या विद्यार्थ्यांना विचारतो, की रोज व्यायाम का होत नाही? उत्तर ठरलेले असते : 'सर, वेळच मिळत नाही.' हे उत्तर मी कित्येक वर्षे आळसाच्या खाती टाकत आलो. एका मुलीने आपल्या बसच्या वेळा सांगितल्या, तेव्हा कुठे माझा हिशेब चुकल्याचे ध्यानात आले.

ती पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून येते. सहाची बस गाठायची म्हणून पहाटे साडेचारला उठते, घरच्या भाकरी थापते आणि मगच निघते. तिचे तास दुपारी एकला संपतात, आमचा सराव सुरू होतो पाचला आणि तिच्या गावाची शेवटची गाडी सुटते साडेपाचला. मैदान आहे, जाळी आहे, चेंडू आहेत, शिकवणारा आहे. पण तिच्यापुरते हे सारे नसल्यातच जमा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे, तर प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे अंगाला चांगला व्यायाम होईल अशी हालचाल करावी. १४६ देशांतील माहिती तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले एवढी हालचाल करत नसल्याचे आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते, मुलांमध्ये ७८. जगभरची मुले एकाच वेळी आळशी झाली, असे मानणे सोपे आहे. मला ते पटत नाही.

आपल्या खानदेशापुरते बोलायचे, तर आधी वर्षाचा हिशेब मांडून पाहू. आपली बहुतेक मैदाने काळ्या मातीची. ही माती कपाशीला सोने, पण पाऊस लागला की बुटाला किलो किलो चिकटते आणि जुलै ते सप्टेंबर मैदान पाय ठेवण्याजोगे राहत नाही. मार्चपासून ऊन तापते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दुपारी धावायला सांगणे म्हणजे मुलांना उष्माघाताच्या तोंडी देणे होय. फेब्रुवारी आणि मार्च परीक्षांनी व्यापलेले. उरतात ते दिवाळीनंतरचे थंडीचे महिने, आणि नेमक्या त्याच काळात घरी कापसाची वेचणी चालू असते. रविवारभर वाकून कापूस वेचणाऱ्या मुलाला सोमवारी 'तुझी हालचाल कमी पडते' असे सांगण्याचे धाडस मला होत नाही, कारण अंगमेहनतीचे कामही हालचालीतच मोजले जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवरून शिकायला आलेल्या मुलांची गोष्ट उलटी आहे. गावी असताना चढउतार हाच त्यांचा दिवस होता. शहरातल्या वसतिगृहात खाट, वर्ग आणि मोबाइल यांच्यामध्येच त्यांचा दिवस सरतो.

पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे आपण सर्वांनी पाहिली असतील. त्यातली बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर आणि शिवाय गोळाफेक. या कसोट्यांना गुण असतात, म्हणून अंगात थंडी भरलेली असतानाही ती धावतात. त्यांचे मला कौतुकच आहे. परंतु भरती झाली किंवा हुकली, की बूट कोपऱ्यात जातात. ज्याला भरतीला जायचेच नाही, त्याला व्यायाम आपल्यासाठी नाही असे वाटू लागते. यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे. उशीर झाला, मार मैदानाला पाच चकरा. गृहपाठ नाही, काढ उठाबशा. धावण्याची शिक्षा आम्हीच केली आणि मुलांना धावण्याची गोडी नाही, अशी तक्रारही आम्हीच करतो!

मुलींच्या अडचणी त्या सहसा बोलून दाखवत नाहीत. कपडे बदलायला कडी लागणारी खोली नसते, स्वच्छतागृहात पाणी नसते आणि पाळीच्या दिवसांत काय करायचे, हे पुरुष शिक्षकाला विचारायचे कसे? मग 'पोट दुखतंय' एवढे एकच कारण पुढे येते. कुंपणापलीकडे उभे राहून पाहणारे टोळके असते, ते वेगळेच. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल घरात असली, तरी आठवीत शाळेला जाताना चालवलेली ती सायकल 'आता मोठी झालीस' म्हणून धाकट्या भावाकडे जाते.

ऊन आणि काळी माती यांवर कोणाचाच इलाज नाही. वेळापत्रक मात्र आपणच आखलेले असते. हालचाल सलग दहा मिनिटे तरी व्हावी, तरच ती मोजायची, ही प्रौढांसाठीची जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने आता ठेवलेली नाही. त्यामुळे बसस्थानकापासून महाविद्यालयापर्यंत रिक्षा न करता झपझप चालत येणेही जमेस धरता येते. आम्ही यंदा पाचचा सराव सकाळी साडेसातला, तासांच्या आधी आणला. सुरुवातीला गावाकडच्या मुली बाकावर बसून नुसत्या पाहत असत. मैदानालगतची जुनी साहित्याची खोली रिकामी करून तिला आतून कडी बसवली, त्यानंतर एकेक जण उठू लागली. पारोळ्याकडची ती मुलगी आता खो-खोच्या पाटीवर बसते, आणि त्या खोलीची किल्लीही तिच्याचकडे असते.