वलंदेजांचे शब्द, जपान्यांच्या तोंडी

मंडळी, 'डच' हा शब्द आपल्याकडे इंग्रजांमुळे रुळला. त्याआधी मराठीत हे लोक वलंदेज होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची नावं येतात, त्यांत फिरंगी आणि इंग्रजांच्या पंगतीला वलंदेजही बसलेत. वेंगुर्ल्याला त्यांच्या वखारीचे अवशेष आजही आहेत. हे नाव आपल्याला मिळालं पोर्तुगीजांकडून. जपानी माणूस हॉलंडला 'ओरांदा' म्हणतो, तेही पोर्तुगीजांकडूनच, कारण जपानात आधी पोहोचले ते पोर्तुगीज. फ्रान्सिस झेवियर गोव्यातून पूर्वेकडे गेला आणि १५४९ साली कागोशिमाला उतरला. आपला पाव आणि जपान्यांचा 'पान' हे सख्खे भाऊ आहेत.

पण आज विषय पोर्तुगीज नाही. त्यांना शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाने, १६३९ साली हाकललं, धर्मांतराच्या भीतीने. युरोपियनांपैकी मागे उरले फक्त वलंदेज. व्यापार करू, धर्माचं नाव काढणार नाही, अशी त्यांची तयारी होती. १६४१ साली त्यांना हिरादोहून उचलून नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या बेटावर ठेवलं. हे बेट माणसांनी भराव घालून केलेलं, पंख्याच्या आकाराचं, जेमतेम दीड हेक्टर. खरं तर ते बांधलं होतं पोर्तुगीजांना कोंडायला! शहराशी जोडणारा एक पूल, त्यावर पहारा. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपची खिडकी म्हणजे एवढीच.

आता बघा, वेंगुर्ल्याला आणि देजिमाला कंपनी तीच, वलंदेजांची ईस्ट इंडिया कंपनी. मग मराठीत वलंदेजी शब्द जवळजवळ नाहीत आणि जपानीत इतके, असं का? माझ्या मते याचं उत्तर शिकण्याची मेहनत कुणी घेतली यात आहे. आशियाच्या बहुतेक बंदरांत तेव्हा मोडक्यातोडक्या पोर्तुगीजवर काम भागायचं. जपानात मात्र परक्यांनी जपानी शिकावं हेच सरकारला नको होतं. म्हणून नागासाकीत दुभाष्यांची घराणी तयार झाली. बापाकडून मुलाकडे जाणारं सरकारी काम, त्यात हुद्दे, बढत्या, सगळं. या दुभाष्यांच्या मागोमाग वैद्य आले, मग खगोलवाले, मग तोफा ओतणारे. ओरांदामधला 'रान' आणि 'गाकु' म्हणजे विद्या, अशी 'रांगाकु' ही ज्ञानशाखाच उभी राहिली.

त्यामुळे हे शब्द कुठल्या कामांतून आले ते लगेच दिसतं. जहाजावरचे 'मासुतो' म्हणजे डोलकाठी आणि 'मादोरोसु' म्हणजे खलाशी. दवाखान्यातले 'मेसु' म्हणजे शस्त्रक्रियेची सुरी आणि 'पिन्सेत्तो' म्हणजे चिमटा. 'बुरिकी' हा पत्रा, 'पेन्की' हा रंग, 'पोन्पु' हा पंप. खाण्यापिण्यातले 'कोही' आणि 'बीरु'. जपानी शाळकरी मुलांच्या पाठीवरचं ते ताठ चामडी दप्तर, 'रान्दोसेरु', हे मूळचं सैनिकाचं पाठपिशवं, वलंदेजीत 'रान्सेल'. सार्वजनिक स्नानगृहातल्या नळाला 'कारान' म्हणतात, तोही वलंदेजी.

यांचा उच्चार गमतीचा आहे. जपानी जिभेला 'ग्ल'सारखं जोडाक्षर सोसत नाही, आणि ल-र हा भेद तिच्याकडे नाही. म्हणून वलंदेजी 'ग्लास'चं झालं 'गारासु'. आपल्या खेड्यांत ग्लासचा 'गलास' होतो ना, तीच युक्ती.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आली. तिने तेच शब्द पुन्हा आणले, थोड्या वेगळ्या उच्चारात. जपान्यांनी जुने फेकले नाहीत, कामाची वाटणी केली. 'गारासु' म्हणजे काच, खिडकीची. 'गुरासु' म्हणजे प्यायचा, त्यातही शक्यतो वाइनचा. 'गोमु' म्हणजे रबर आणि 'गामु' म्हणजे चघळायचा गम. 'कोप्पु'तून पाणी प्यायचं, 'काप्पु'तून चहा. बीअर मागवताना आजही 'बीरु'च म्हणायचं, पण ती उघड्यावर बसून पिण्याची जागा मात्र 'बिआ गाडेन'. फावड्याचा घोळ याहून मोठा. 'सुकोप्पु' वलंदेजी, 'शाबेरु' इंग्रजी. यांतलं मोठं कोणतं आणि कुंडीतली माती उकरायचं छोटं कोणतं, यावर तोक्यो आणि ओसाका यांचं आजही जमत नाही.

शब्द किती मुरला हे मी ओळखतो तो वाक्प्रचारांवरून. एखाद्या खात्यातल्या भानगडींची मुळापासून चौकशी करायची असेल तर जपानी वर्तमानपत्र लिहितं, 'मेसु घातली'. माणसावर शिक्का मारणं म्हणजे 'रेत्तेरु' चिकटवणं. हा वलंदेजीतला 'लेटर' आहे. बोलणं मुद्द्याला सोडून असेल तर 'पिन्तो' सरकला, म्हणजे भिंगाचा केंद्रबिंदू हलला. प्रयोगाचा बळी होतो तो 'मोरुमोत्तो'. वलंदेजांनी गिनीपिग आणला आणि नाव सांगितलं मार्मोटचं, जो डोंगरातला वेगळाच प्राणी. चूक वलंदेजांची, पण जपानात ती कायमची बसली.

इथपर्यंतची यादी कुठल्याही कोशात सापडेल. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते वलंदेजांकडून आलेले, पण वलंदेजी न दिसणारे शब्द.

१७७१ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सुगिता गेन्पाकु आणि माएनो र्योताकु हे दोन वैद्य वधस्थळावर एका प्रेताची चिरफाड बघायला गेले. योगायोग असा, की दोघांच्याही हातात एकाच वलंदेजी शरीररचनेच्या पुस्तकाची प्रत. चिनी वैद्यकात शिकलेली फुप्फुसं-यकृतं समोरच्या देहाशी जुळेनात, पुस्तकातली चित्रं मात्र तंतोतंत जुळली. दुसऱ्याच दिवशी भाषांतराला सुरुवात. हाताशी धड शब्दकोश नाही, सुगिताला तर वलंदेजी अक्षरंही धड येत नव्हती. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या, त्यात म्हणतो, भुवई म्हणजे डोळ्यावर उगवलेले केस, एवढं एक वाक्य उलगडायला वसंतातला अख्खा दिवस गेला. १७७४ साली पुस्तक छापलं. मज्जातंतूला चिनी-जपानी परंपरेत नावच नव्हतं. त्यांनी 'चैतन्य' आणि 'वाहिनी' या अर्थांची दोन चित्राक्षरं जोडून 'शिन्केइ' केलं. आज तो शब्द चीनमध्येही चालतो.

शिझुकी तादाओ हा मूळचा नागासाकीचा दुभाष्या. न्यूटनचं शास्त्र त्याने वलंदेजीतून वाचलं. वलंदेजीतल्या 'जड' आणि 'बल' या दोन शब्दांच्या जागी दोन चित्राक्षरं ठेवून त्याने गुरुत्वाकर्षणाला 'जुर्योकु' म्हटलं. उदागावा योआनने रसायनशास्त्रात तेच केलं. वलंदेजी हायड्रोजनला 'पाण्याचं द्रव्य' म्हणते, त्याने 'सुइसो' केलं. ऑक्सिजन म्हणजे 'आम्लाचं द्रव्य', तो झाला 'सान्सो'. आज कोरियन मुलं रसायनशास्त्र शिकतात तीही याच शब्दांतून.

आपल्याकडे परका शब्द घ्यावा की संस्कृतातून घडवावा यावर केवढी भांडणं झाली. रांगाकुवाल्यांनी असा वाद घातलेला मला तरी दिसला नाही. वस्तू हातात आली तर तिचं नाव जसंच्या तसं उचललं, संकल्पना आली तर ती चित्राक्षरांत घडवली. तत्त्व म्हणून नव्हे, कामाच्या सोयीने.

सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. जपानच्या त्या बंद दारांच्या धोरणाला इतिहासात 'साकोकु' म्हणतात, 'कुलूपबंद देश'. हा शब्द शोगुनांचा नाही. देजिमावर राहून गेलेल्या केम्फर नावाच्या जर्मन वैद्याचा एक निबंध शिझुकीने १८०१ साली वलंदेजीतून जपानीत आणला, तेव्हा त्याने तो घडवला. दार बंद असल्याचं नावसुद्धा खिडकीतूनच आलं!

मग वलंदेजीचं हे महत्त्व ओसरलं कसं? झटक्यात. पेरी १८५३ साली अमेरिकन युद्धनौका घेऊन आला तेव्हा बोलणी वलंदेजीच्या मध्यस्थीनेच झाली. पण १८५९ साली फुकुझावा युकिची नव्याने उघडलेल्या योकोहामाला गेला. ओसाकात रात्रंदिवस घासून वलंदेजी शिकलेला तरुण. तिथल्या दुकानांच्या पाट्या त्याला वाचता येईनात, कुणी त्याचं बोलणं समजेना. सगळीकडे इंग्रजी. गडी खचला, पण परतल्यावर इंग्रजीच्या मागे लागला. शोगुनांनंतर आलेल्या मेइजी सरकारने वैद्यकासाठी जर्मनी निवडलं आणि दवाखान्यात जर्मन शब्दांची रांग लागली. पण हत्यारं आधीच नावं घेऊन बसली होती. त्यामुळे जपानी शल्यचिकित्सक आजही रुग्णाची माहिती जर्मन 'कारुते'वर लिहितो, जखमेला जर्मन 'गाझे' लावतो, आणि परिचारिकेकडे मागतो ती 'मेसु'.