पेटलेला बॉल आणि खिशातलं नाणं

(गेम डिझाइन शिकणाऱ्या मुलांसमोर दिलेलं व्याख्यान. बोलणं होतं तसंच ठेवलंय, फक्त अधलीमधली "अं", "म्हणजे" काढून टाकली.)

आज स्ट्रीट बास्केटबॉलच्या गेमबद्दल बोलायचंय. आधीच सांगतो, ज्यात खेळाडूचा घामसुद्धा मोजून दाखवतात त्या सिम्युलेशन गेमबद्दल नाही, मला बोलायचंय त्या आर्केड गेमबद्दल (आर्केड म्हणजे नाणं टाकून चालवायच्या गेम मशीनचं दुकान) ज्यात माणूस बास्केटच्याही वर उडी मारतो, हवेत दोन गिरक्या घेतो आणि मग डंक करतो, म्हणजे बॉल वरून रिंगमध्ये आपटतो, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. का खटकत नाही, हा प्रश्न सोपा आहे, मजा येते म्हणून. मला त्याच्यापेक्षा दुसरा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग वाटतो, की हे गेम पैसे कशाचे घेत होते, कारण माझं म्हणणं असं आहे की आर्केड गेमचा प्रत्येक नियम खोदत गेलात ना तर खाली कुठेतरी नाणं सापडतं.

सुरुवात १९९३ पासून करू. शिकागोची मिडवे कंपनी, तिथला डिझायनर मार्क टर्मेल, आणि गेम एनबीए जॅम. याच्या आधी १९८९ ला मिडवेचाच आर्च रायव्हल्स आला होता, त्यात दोन विरुद्ध दोन होतं आणि समोरच्याला गुद्दे मारायचे, पण खेळाडू सगळे काल्पनिक. जॅममध्ये खरे खेळाडू आले, खऱ्या टीम आल्या. एनबीएवाले (एनबीए म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) आधी तयारच नव्हते म्हणे, आर्केड म्हणजे काहीतरी अंधारी, टवाळ पोरांची जागा, तिथे आपलं नाव कशाला, मग मिडवेने त्यांना चांगल्या, घरच्यांना घेऊन जाता येईल अशा आर्केडचे व्हिडिओ दाखवले तेव्हा कुठे परवानगी मिळाली. (आपल्याकडे व्हिडिओ गेमच्या दुकानात दिसलो म्हणून घरी मार खाल्लेले लोक इथे असतील, त्यांना हे लगेच कळेल.)

तर त्या मशीनला चार जॉयस्टिक, चार जण एकाच वेळी उभे, खांद्याला खांदा लावून. मॅचचे चार भाग, एकेक भाग म्हणजे क्वार्टर, ३ मिनिटांचा. आणि एका नाण्यात अख्खी मॅच मिळत नाही, क्वार्टर संपला की स्क्रीन परत नाणं मागते. आता तुम्ही डिझायनर म्हणून विचार करा. पहिल्या क्वार्टरला स्कोअर २०-४ झाला तर काय होईल? हरणारा खिशात हात घालणारच नाही, चल निघतो म्हणेल, आणि एकटा जिंकणारा तरी कोणाशी खेळणार, म्हणजे मशीन रिकामं. म्हणून जॅममध्ये आतल्या आत एक सोय होती, जो मागे पडलाय त्याचे शॉट जास्त बसतात आणि जो पुढे आहे त्याचे विनाकारण रिंगवरून उडतात. लोक याला चीटिंग म्हणायचे. मला विचाराल तर तो धंदा होता, आणि धंदा असूनही डिझाइन उत्तम होतं, कारण त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मॅच शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत लटकलेली राहायची आणि मागे गर्दी जमायची. गर्दी म्हणजे पुढची नाणी. पाव पाव डॉलरच्या नाण्यांतून या गेमने १ अब्ज डॉलरच्या वर कमावले असं तेव्हापासून सांगतात.

मग ते प्रसिद्ध "ही'ज ऑन फायर". एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट टाकल्या की बॉल पेटतो, अक्षरशः धूर निघतो, जाळी जळते, टर्बो, म्हणजे जास्त वेगाची ताकद, संपत नाही, आणि बॉल खाली येताना अडवला (एरवी हा नियमभंग) तरी तुम्हाला कोणी काही बोलत नाही. हे किती हुशार आहे बघा. एरवी गेम मागच्याला मदत करतोय, आणि इथे पुढच्याला सांगतोय की तू जर खरंच भारी असशील तर हे घे, मोडून काढ आमची मदत. दोन उलट्या दिशांची बळं एकाच मॅचमध्ये. आणि वर कॉमेंट्री करणाऱ्या टिम किट्झरोचा आवाज, "बूमशाकालाका", ज्याचा अर्थ कोणालाच माहीत नाही आणि कोणाला विचारायची गरजही पडली नाही.

एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. टर्मेल मिशिगनचा, डेट्रॉईट पिस्टन्सचा कट्टर फॅन, आणि नोकरी शिकागोत, म्हणजे बुल्सच्या गावात! १९८९ आणि १९९० ला पिस्टन्स चॅम्पियन, मग १९९१ ला बुल्सनी त्यांना धुतलं, त्यामुळे जखम ताजीच होती. या माणसाने कोडमध्ये लिहून ठेवलं की पिस्टन्सविरुद्ध अटीतटीची मॅच असेल आणि बुल्सवाल्याने शेवटच्या क्षणी शॉट मारला तर तो जाणार नाही. पुढे मुलाखतीत त्याने स्वतःच हे सांगून टाकलं. शिकागोच्या आर्केडमध्ये किती पोरांनी स्कॉटी पिपेन घेऊन शेवटचा शॉट मारला असेल आणि स्वतःच्या हाताला शिव्या दिल्या असतील, विचार करा. मायकेल जॉर्डन तर गेममध्ये नव्हताच, त्याच्या नावाचे हक्क वेगळे होते, नाहीतर त्याचाही शॉट चुकवलाच असता या गड्याने.

आता हे सगळं नाण्याभोवती होतं. पण २००१ ला काय झालंय? आर्केडचा जोर ओसरलाय, लोकांच्या घरात प्लेस्टेशन २ आलाय, आणि घरात नाणं टाकायला भोक नाही. डिस्कचे पैसे एकदा दिले की संपलं. मग पुन्हा पुन्हा खेळायला लावणार कशाने? इथे एनबीए स्ट्रीट येतो, ईए या गेम कंपनीच्या ईए स्पोर्ट्स बिग नावाच्या ब्रँडखाली, ज्यांनी आदल्या वर्षी एसएसएक्स हा स्नोबोर्डचा गेम काढला होता. तीन विरुद्ध तीन, २१ पॉइंटला मॅच, घड्याळ नाही. रेषेच्या आतून टाकला तर १, बाहेरून २. फाउल बिऊल काही नाही.

हे २१ आणि १-२ त्यांनी डोक्यातून काढलेलं नाही, अमेरिकेत गल्लीतल्या कोर्टवर असंच मोजतात. आणि गंमत म्हणजे वीस वर्षांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये थ्री बाय थ्री बास्केटबॉल आलं तेव्हा तिथेही तेच, २१ पॉइंट, १ आणि २, फक्त १० मिनिटांचं घड्याळ लावलं आणि शॉटसाठी १२ सेकंद. ज्याला सगळे "हे काय खरं बास्केटबॉल आहे का" म्हणायचे त्याच हिशोबावर पुढे सुवर्णपदकं वाटली गेली, पुरुषांचं लाटव्हियाने नेलं.

गेममधली काही कोर्टही खरी. हार्लेममधलं रकर पार्क आहे, १५५ व्या स्ट्रीटवरचं. होलकोम्ब रकर नावाचा माणूस न्यूयॉर्कच्या पार्क खात्यात नोकरीला होता, त्याने १९५० च्या आसपास पोरांसाठी स्पर्धा सुरू केली, पोरं वाईट नादाला लागू नयेत आणि शिकावीत म्हणून, आणि हळूहळू उन्हाळ्यात एनबीएचे मोठे खेळाडूही तिथे येऊन खेळायला लागले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्युलियस अर्विंग तिथे खेळायचा तेव्हा लोक झाडावर, गच्चीवर चढून बघायचे. स्ट्रीटमध्ये स्ट्रेच नावाचा एक काल्पनिक खेळाडू आहे, मोठ्ठा आफ्रो, लांबलचक हात, तो बघितला की अर्विंगच आठवतो, लपवलेलंही नाही त्यांनी. आणि रकरमध्ये बास्केट टाकणं ही अर्धीच गोष्ट होती. तुम्ही समोरच्याला कसं गंडवून टाकली, तो तोंडावर आपटला का, लोक ओरडत कोर्टमध्ये घुसले का, हे आठवणीत राहायचं, स्कोअर दुसऱ्या दिवशी कोणाला सांगता यायचा नाही.

आता मुद्द्यावर येतो. ही इज्जतीची गोष्ट गेममध्ये घालायची कशी? स्ट्रीटवाल्यांनी गेमब्रेकर काढला. तुम्ही पायातून बॉल काढा, ड्रिबल करून माणसाला फिरवा, भारी डंक करा, ब्लॉक करा, प्रत्येक गोष्टीने एक मीटर भरत जातो. साधा ले-अप (बास्केटजवळून हलकेच टाकलेला बॉल) टाकलात तर पॉइंट मिळेल पण मीटरमध्ये फारसं काही नाही. मीटर भरला की गेमब्रेकर वापरायचा, आणि तो शॉट बसला की तुमचे पॉइंट वाढतातच पण समोरच्याचे कमी होतात. कमी! म्हणजे समजा तुम्ही १७, समोरचा २०, त्याला एकच पॉइंट हवाय, तो खुर्चीतून अर्धा उठलेला, आणि तुम्ही गेमब्रेकर बसवला की तुम्ही वर सरकता आणि तो २० वरून १९ वर. खऱ्या बास्केटबॉलमध्ये एकदा मिळालेला पॉइंट कोणी काढून घेऊ शकत नाही. पण गल्लीत काढून घेतात ना! कोणीतरी तुमच्या डोक्यावरून डंक केला की आधीच्या तुमच्या पाच बास्केट लोक विसरतात. त्या गेमने ही गोष्ट चक्क आकड्यात आणली. मला हा त्या काळातल्या स्पोर्ट्स गेममधला सगळ्यात प्रामाणिक नियम वाटतो, गुरुत्वाकर्षणाचं काय करायचं ते करा.

आणि बघा, जॅममध्ये मागच्याला मशीन गुपचूप मदत करायचं, इथे मागच्याच्या हातात उघडपणे एक हत्यार दिलंय, पण ते कमवायला लागतं आणि दोघांनाही मिळतं. काम तेच, मॅच शेवटपर्यंत जिवंत ठेवायची. नाणं गेलं तरी नाण्यासाठी लावलेली ती सवय राहिली, फक्त तिला जरा लाज आली.

आपल्याकडे हा गेम लोकांनी कुठे खेळला, तर व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, तासाच्या भाड्याने. तिथे सगळे क्रिकेट, फुटबॉल नाहीतर कुस्तीची डिस्क मागायचे, स्ट्रीटची कॉपी मागे कुठेतरी ओरखडे पडून पडलेली असायची आणि दोन वेळा पुसून लावली तर चालू व्हायची. पण एकदा लागली की मागे उभी असलेली पोरं तिथेच चिकटायची, बास्केटबॉलचा एक नियम माहीत नसताना, कारण समजायला काही नव्हतंच, बॉल त्याच्या कपाळावर मारून परत हातात घेतला हे कोणालाही कळतं. (ही कपाळावरची ट्रिक दुसऱ्या भागातली.) आणि पार्लरचा नियम काय, हरला तो रिमोट देऊन उठला. रकरला काय किंवा कुठल्याही अमेरिकन गल्लीत काय, नेमका हाच नियम, जिंकलेली टीम कोर्टवर राहते, हरलेली बाहेर जाऊन परत रांगेत. तिकडच्या गल्लीसाठी केलेला गेम इकडे न सांगता बसला तो यामुळे असं मला वाटतं. पार्लरवाला मात्र वैतागायचा, कारण घड्याळ नसलेली मॅच मध्येच तोडली तर भांडण आणि नाही तोडली तर पुढचं गिऱ्हाईक बोंबलतंय.

२००३ ला स्ट्रीटचा दुसरा भाग, व्हॉल्यूम टू, आला आणि तो या सगळ्यातला राजा आहे, याच्यावर माझ्याशी वाद घालू नका. बॉबिटो गार्सिया कॉमेंट्रीला, जो स्वतः न्यूयॉर्कचा डीजे आणि स्वतः गल्लीत खेळलेला, त्यामुळे बोलणं ऐकूनच कळतं की हा माणूस कोर्टच्या कडेला उभा राहिलेला आहे. संगीत हिप-हॉप, त्यात जस्ट ब्लेझ या संगीत निर्मात्याचं काम. जॉर्डनही होता, तोही वेगवेगळ्या वयातला. २००५ ला व्ही थ्री आला, त्याच्या गेमक्यूब आवृत्तीत मारिओ, लुइजी आणि प्रिन्सेस पीच डंक करतात, खरं सांगतोय, जाऊन बघा. २००७ ला होमकोर्ट, दिसायला सुंदर, आणि तिथे मालिका थांबली. नंतर २०१० ला ईएनेच एनबीए जॅम परत काढला, टर्मेल तेव्हा ईएमध्येच होता, किट्झरोचा आवाजही परत.

मधल्या काळात कोरियात वेगळंच काही चाललेलं. २००४ ला फ्रीस्टाइल आला, ऑनलाइन, कॉम्प्युटरवर, तिथेही तीन विरुद्ध तीन पण प्रत्येक खेळाडू वेगळा माणूस चालवतो. म्हणजे सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) घेतलेल्याने रिबाउंड, म्हणजे चुकून परत आलेला बॉल, काढायचा आणि बाहेर द्यायचा, बस, डंकची हौस असेल तर टीममधले दोघे शिव्या घालणार. खेळायला फुकट, पैसे कपड्यांचे, केसांचे, स्किलचे. नाणं परत आलं, फक्त आता ते बुटाच्या रूपात आलं.

आणि नंतर तर विचारूच नका. २०१७ ला एनबीए प्लेग्राउंड्स आला, दोन विरुद्ध दोन, जॅमचीच नक्कल म्हणा, पण खेळाडू मिळवायचे पॅक फोडून, म्हणजे आत कोण निघेल ते नशिबावर. पुढच्या वर्षी दुसरा भाग टू-के या गेम कंपनीच्या नावाने, त्यात पॅकसाठी खरे पैसे टाकायची सोय. मला इथे चीड येते आणि का ते सांगतो. जॅमचं नाणं वाईट नव्हतं असं मी म्हणत नाही, पण ते तुमच्याकडून मॅच चालू ठेवायचे पैसे घेत होतं, म्हणून त्याला मॅच चांगली करावीच लागत होती. पॅकचे पैसे मॅच सुरू व्हायच्या आधीच जातात. मग मॅच चांगली असली काय, नसली काय.

बास, माझं झालं. प्रश्न? ... हो, मागे. "व्हॉल्यूम टूमध्ये लेव्हल वन गेमब्रेकर लगेच वापरायचा की लेव्हल टूसाठी थांबायचं?" वा, हा खरा प्रश्न! बघ, लेव्हल टूमध्ये हवेतल्या हवेत साथीदारांना पास देत देत जायचं असतं, दिसायला जबरदस्त आणि फटकाही मोठा. पण तू दुसरा मीटर भरत बसलास आणि तेवढ्यात समोरच्याने त्याचा लेव्हल वन मारला तर तुझेच पॉइंट जातात. मी १५ पर्यंत थांबतो. समोरचा १५ च्या पुढे गेला की हातात जे असेल ते वापरून टाकतो. पण माझ्या ओळखीत एक जण आहे जो कायम लेव्हल टूलाच थांबायचा, बहुतेक वेळा हरायचा, आणि त्याच्या मॅचला सगळ्यात जास्त पोरं उभी असायची. तू ठरव.