पहिल्या पावसात मरणारे मासे

नमस्कार श्रोतेहो. मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून जो रावस मिळतो, त्याची ही गोष्ट नव्हे. रावसाचं आणि सॅल्मनचं काही नातं नाही, नाव तेवढं चिकटलंय. मी सांगतेय ते अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या खऱ्या सॅल्मनबद्दल.

तिथे लाँगफेलो नावाचा एक ओढा आहे. घरांच्या मागून, रस्त्यांखालच्या पाइपांतून वाट काढणारा. आपण नाला म्हणून नाक मुरडू, असा. शहराने त्याची डागडुजी केली, काठाला झाडं लावली, आणि मासे आले.

कोहो जातीचा सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि साधारण तिसऱ्या वर्षी शरदातल्या पावसाबरोबर, वासाच्या आठवणीवर माहेरी परततो. अंडी घालायची आणि मरायचं. या मरणाचं कुणाला वाईट वाटत नाही. त्या कलेवरांवर किडे-पाखरं पोसतात, समुद्रातला नायट्रोजन काठच्या झाडांत मुरतो.

पण इथल्या माद्या अंडी घालण्याआधीच मरू लागल्या. हातभर लांबीची मादी पाण्यावर तोंड काढून आ वासते, गोल गोल फिरते, कलंडते. काही तासांत संपते. पोट चिरलं की वाटाण्याएवढी नारिंगी अंडी, जशीच्या तशी. काही वर्षी तर आलेल्यांतले निम्म्याहून जास्त कोहो असे गेले. आणि पाणी? दिसायला नितळ!

कीटकनाशकं, धातू, इंजिनाचं तेल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी टायरच्या चुऱ्याचं पाणी माशांना दिलं, तेव्हा ते तसेच तडफडले. त्या पाण्यातली हजारो रसायनं एकेक करून वगळत संशोधक एकापाशी पोचले. डिसेंबर २०२० मध्ये ते जाहीर झालं. टायर तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग झाला की त्याचं हे विष बनतं, आणि पाऊस ते रस्त्यावरून थेट ओढ्यात लोटतो. गंमत म्हणजे चम जातीचा सॅल्मन त्याच पाण्यात ठणठणीत राहतो.

शहरात कशाला हवेत रानटी मासे, असं विचारणारे भेटतात. अहो, ओढ्यात कोहो नसता तर टायरमधलं हे विष कुणाच्या ध्यानात आलं असतं? तिथल्या आदिवासी जमातींसाठी तर हा हक्काचा घास आहे. १९७४ मध्ये न्यायालयाने सरकारशी झालेल्या जुन्या करारांनुसार त्यांचा पकडीतला निम्मा वाटा मान्य केला. पण मासाच उरला नाही, तर वाटा कशाचा? पश्चिम किनाऱ्यावरच्या तीन आदिवासी जमातींनीच ६पीपीडीविरुद्ध अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला आणि २०२३ मध्ये तो स्वीकारला गेला.

टायरमध्ये त्याच्याऐवजी काय घालायचं, हा शोध किचकट आहे. पण रस्त्याचं तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून कोहोंच्या टाकीत सोडलं, तेव्हा मासे जगले. वाळू आणि कंपोस्ट, बस्स.